सणाची पिशवी

आईचा फोन वाजला तेव्हा ऋजुता आपल्या बाळाला, इराला, मऊ भात भरवत होती. तेरावं होऊन चार दिवस झाले होते. फोन बंद करायचा राहिला होता; खरं म्हणजे तिला तो बंद करवत नव्हता.

"प्रणालीताई? भोंगाडे बोलतो जी, अकोल्याच्या रक्तकेंद्रातून," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुमची पिशवी गेल्या गुरुवारपासून काढून ठेवली आहे. उद्यापर्यंत आल्या नाही तर दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

ऋजुताने चमचा वाटीत ठेवला.

"मी त्यांची मुलगी बोलतेय. आई गेली. सतरा दिवस झाले."

"अरे बाप्पा." मग त्याने हळूच विचारलं, "हृदय का?"

"हो."

"हं."

त्या 'हं'मध्ये आश्चर्य नव्हतं. ऋजुताने विचारलं, "पिशवी कुणासाठी काढली होती?"

"त्यांच्यासाठीच. दर तिसऱ्या गुरुवारी लागत होती ना."

"किती दिवसांपासून?"

"दिवस कुठले बाई," भोंगाडे म्हणाला. "सहा वर्षं व्हायला आली."

आईने अकरा वर्षांत रक्ताचा थेंबही घेतला नव्हता. हे ऋजुताला माहीत होतं, नागपूरच्या संशोधन केंद्राला माहीत होतं. केंद्राच्या दारातल्या भिंतीवर पहिल्या बारा रुग्णांचा एक मोठा फोटो होता. त्यात डावीकडून दुसरी, निळ्या साडीत हसणारी बाई म्हणजे आई. तिच्याकडे बोट दाखवून तिथल्या सिस्टर नव्या आईबापांना सांगत, "या बघा, प्रणाली इंगोले. ठणठणीत."

आईला जन्मापासून बीटा थॅलेसेमिया होता. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं. या आजारात बीटा साखळी पुरेशी तयारच होत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या एकमेकींत गुंतून गोळा होतात, पेशीला आतूनच इजा करतात, आणि हाडांच्या मज्जेत जन्मलेल्या तांबड्या पेशी बाहेर पडण्याआधीच मरून जातात. मग जगायचं तर दुसऱ्याचं रक्त घ्यायचं, दर तीन आठवड्यांनी, जन्मभर. त्या रक्तातून लोह येतं, आणि शरीराला जादा लोह बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं, ग्रंथींत साठतं, शेवटी हृदयात साठतं. ते काढण्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई आणि कमरेला छोटा पंप. लहानपणी आईला मिठी मारली की ऋजुताच्या कोपराला तो पंप लागायचा.

आईचा रक्ताचा वार गुरुवार. शुक्रवारी तिचे गाल गुलाबी असत, ती शिट्टी वाजवत पोळ्या लाटायची. तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत तोच चेहरा जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट होई, आणि जिना चढताना ती मध्येच थांबून, काहीतरी विसरल्यासारखं करी. बाबा आणि ऋजुता त्याला बुधवारचा चेहरा म्हणत.

ऋजुता पंधरा वर्षांची असताना ते इंजेक्शन आलं. आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत बिघाड असतो तो जनुकातल्या एका अक्षराचा. आतून रिकामा केलेला एक विषाणू घ्यायचा, त्यात ते अक्षर दुरुस्त करणारे रेणू भरायचे आणि शिरेतून सोडायचे. तो मज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोचतो, चुकीचं अक्षर खोडतो, बरोबर लिहितो. मग शरीर स्वतःच निरोगी हिमोग्लोबिन बनवू लागतं. रक्तदात्याच्या हिमोग्लोबिनशेजारी ठेवलं तर यंत्रालाही फरक सांगता येणार नाही. इंजेक्शन मात्र जन्मात एकदाच. शरीर त्या विषाणूचं कवच लक्षात ठेवतं, आणि दुसऱ्यांदा आलं तर मज्जेपर्यंत पोचूच देत नाही.

गेल्या दोन वर्षांत ते तीनशेहून जास्त बाळांना दिलं गेलं होतं. सोमवारी इराला द्यायचं होतं.

रात्री तिचा नवरा कौस्तुभ म्हणाला, "चुकून दुसऱ्या कुणाचा नंबर लागला असेल."

"त्याने आईचं नाव घेतलं. आणि मी न सांगता हृदय म्हणाला."

"सोमवार चार दिवसांवर आलाय, ऋजू. आत्ता अकोल्याला कशाला?"

"म्हणूनच."

आई अकोल्याला जायची हे काही गुपित नव्हतं. बाबा सात वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर ती अमरावतीला एकटीच राहत होती. नगर वाचनालयातली नोकरी संपवून दर तिसऱ्या गुरुवारी अकोल्याच्या एका संस्थेत मुलांना पुस्तकबांधणी शिकवायला जाते, असं तिने सांगितलं होतं. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं की कसर लागत नाही, मुलं शिवणीचा दोरा फार ताणतात, एकाने पाठकोऱ्या कागदांची वही बांधून मला दिली, असं सगळं ती फोनवर सांगायची. इतक्या तपशिलात खोटं बोलता येतं हे ऋजुताला माहीत नव्हतं.

रक्तकेंद्राच्या मागच्या खोलीत तीन आरामखुर्च्या होत्या. भोंगाडे साठीचा, बारीक अंगाचा माणूस होता. त्याने ऋजुताला पाणी दिलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला. "ही त्यांची. पुस्तक घेऊन बसत. मला वाचून दाखवत कधी कधी."

त्याने आणलेल्या नोंदींच्या कार्डावर नाव होतं प्रणाली ढोके. आईचं माहेरचं नाव.

"तुमच्यासोबत कुणी येत नाही का, असं मी विचारलं होतं एकदा," भोंगाडे म्हणाला. "तर म्हणाल्या, मुलगी लहान आहे अजून."

सहा वर्षांपूर्वी ऋजुता वीस वर्षांची होती.

"लोह उतरवायच्या गोळ्या घेत होती का ती?"

"मी मागं लागायचो. कधी घेत, कधी नाही. नागपूरच्या तपासणीत सापडेल म्हणायच्या. काय सापडेल, ते मी विचारलं नाही जी. मला वाटलं, घरच्यांना सगळं माहीत असेल."

ऋजुता तारखा वाचत गेली. गुरुवार, गुरुवार, गुरुवार. मध्येच दर मार्च महिन्यात एक सुटी तारीख, कधी सोमवार, कधी मंगळवार.

"ही अशी मधलीच का?"

"ती सणाची."

हा शब्द ऋजुताने लहानपणी ऐकला होता. रक्त चढवायला येणाऱ्या मुलांच्या आयांनी तो पाडला होता. घरात लग्न असलं, शाळेचं स्नेहसंमेलन असलं, मुलीला बघायला कुणी येणार असलं की दोन दिवस आधी येऊन डॉक्टरांना गळ घालायची, थोडं वाढवून द्या. पाहुण्यांसमोर पोर पिवळं दिसू नये. ती सणाची पिशवी. डॉक्टर रागावत आणि देत.

केंद्राची वार्षिक तपासणी मार्चमध्ये असायची. इंजेक्शन घेतलेल्या दिवसाला तिथं दुसरा वाढदिवस म्हणत. सगळ्यांचं रक्त तपासायचं, पेढे वाटायचे, फोटो काढायचा. आईचा हिमोग्लोबिनचा आकडा दरवर्षी अकराच्या वर असायचा.

मार्चमधली नसलेली आणखी एक सुटी तारीख होती. गेल्या वर्षीच्या जूनमधली, अकरा, मंगळवार.

"हा कोणता सण?"

भोंगाडेने चष्मा पुसला. "त्या दिवशी फार घाईत होत्या. पोरीला तोंड दाखवायचं आहे म्हणाल्या."

बारा जूनला आई नागपूरला आली होती. ऋजुताचा सोळावा आठवडा होता. थॅलेसेमियाच्या रुग्णाचं मूल निदान वाहक तरी असतंच, ऋजुता होती. लग्नानंतर कौस्तुभही वाहक निघाला. अशा दोघांच्या चार मुलांत एकाला पूर्ण आजार होऊ शकतो, आणि गर्भाच्या तपासणीत नेमकं तेच आलं होतं. दोघं आठवडाभर जेवताना एकमेकांकडे बघत नव्हते. आई आली, पदराने घाम पुसत सोफ्यावर बसली. गाल गुलाबी होते.

"आई, खरं सांग," ऋजुताने विचारलं होतं. "पूर्ण बरी आहेस ना? म्हणजे काही म्हणजे काही त्रास नाही?"

आई हो म्हणाली नव्हती. हे ऋजुताला आत्ता, कार्ड हातात असताना, आठवलं. आई एवढंच म्हणाली होती, "माझ्याकडे बघ."

आणि ऋजुताने बघितलं होतं.

परतीच्या वाटेवर ती अमरावतीला उतरली. फोटोतले पाचवे, हरेश लालवानी, तिथं कपड्यांचं दुकान चालवत. आईचे ते लहानपणापासूनचे सोबती. दोघांनी एकाच खोलीत, शेजारच्या खाटांवर शेकडो पिशव्या घेतल्या होत्या. ऋजुता त्यांना मामा म्हणायची.

"ये बेटा, ये. बस. चहा सांगतो," ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

"मामा, बाही वर करा."

"काय, पोलिसात लागलीस का?"

"करा ना."

ते हसले, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे हलले. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत दोघं थांबले. मग त्यांनी गुंडी काढली आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. आतल्या बाजूला सुयांचे काळसर ठिपके होते, त्यातला एक ताजा.

"तुम्हीपण," ऋजुता म्हणाली.

"मीपण म्हणजे? आणखी कोण?"

तिने पर्समधून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. त्यांनी नाव वाचलं, तारखा वाचल्या, आणि स्टुलावर बसले.

"मला वाटलं, माझं एकट्याचंच फसलं," ते म्हणाले. "पाच-साडेपाच वर्षं झाली. आकडा उतरायला लागला. बाकीचे अकरा तर ठणठणीत. डॉक्टरबाईंनी आपल्यासाठी आयुष्य घातलं, त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की मी नापास झालो? आणि सांगितलं तर काम बंद पडायचं. मागे लहान पोरांची रांग उभी होती."

"आई दर महिन्याला यायची तुमच्याकडे."

"हो ना. चहा प्यायचो इथंच. मी म्हणायचो, काय मस्त दिसतेस प्रणाली. ती म्हणायची, तूपण."

चहा आला. कुणी घेतला नाही. हरेशमामांनी फोन काढला आणि फोटोतल्या लोकांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दोघांनी साफ नाकारलं. तिसरी बाई धुळ्याची होती. ती आधी चिडली, मग रडायला लागली. संध्याकाळपर्यंत आईला धरून पाच जण झाले.

केंद्राच्या प्रमुख डॉ. अनुपमा देशकर शनिवारी सकाळी एकट्याच खोलीत होत्या. आईला शेवटचं बघायला त्या अमरावतीला आल्या होत्या, स्मशानातही थांबल्या होत्या. ऋजुताने पाच नावं आणि आईचं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय घडलं ते सांगितलं. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"मज्जा काढून तपासायची सुई आम्ही तिसऱ्या वर्षानंतर थांबवली," डॉक्टर म्हणाल्या. त्या कार्डाकडेच बघत होत्या. "फार दुखते. प्रणालीनेच सगळ्यांच्या वतीने विनंती केली होती. तेव्हा सगळं उत्तम होतं, खरोखर होतं. नंतर फक्त हिमोग्लोबिन बघत गेलो. आणि त्या तपासणीत दात्याचं आणि स्वतःचं वेगळं ओळखू येत नाही."

"लोह तर ओळखू येतं."

डॉक्टरांनी कार्ड बाजूला सरकवलं.

"तिचं लोह वाढत होतं?"

"वाढत होतं. मी 'जुनं लोह' असं लिहिलं. मृत्यूच्या कारणातही तेच लिहिलं."

"शंका आली नाही तुम्हाला?"

"यायला हवी होती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला ती यायला नको होती, ऋजुता."

त्यांनी मग कागद ओढून एक वर्तुळ काढलं, विद्यार्थिनीला समजवावं तसं; बहुधा तेवढंच त्यांना त्या वेळी जमण्यासारखं होतं. मज्जेतल्या मूळपेशी सगळ्या एकाच वेळी काम करत नाहीत. काही जाग्या असतात, रक्त बनवतात, पाच-सहा वर्षांत थकतात. बाकीच्या झोपलेल्या असतात, आणि मग त्या जागा घेतात. विषाणू पोचला असणार तो फक्त जाग्या पेशींपर्यंत. त्या दुरुस्त झाल्या आणि थकल्या. झोपलेल्या उठल्या त्या जुनी चूक घेऊनच.

"बाळांत?"

"बाळांत जाग्या पेशी पुष्कळ असतात. कदाचित टिकेल."

"कदाचित."

"हो. त्याहून जास्त मी आज म्हणू शकत नाही."

"आणि झोपलेल्यांना आधी जागं केलं तर?"

"तेच करायला हवं. चार वर्षं लागतील, पाच. अवघड नाही, फक्त कळायला हवं होतं. हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर..." त्या थांबल्या.

ऋजुताने ते वाक्य मनात पुरं केलं. इराला सोमवारी तेच मिळालं असतं.

घरी येईपर्यंत दुसरं वाक्यही तयार झालं होतं, आणि ते अधिक वाईट होतं. सहा वर्षांपूर्वी आई बोलली असती तर सोळाव्या आठवड्यात त्या दोघांनी वेगळा निर्णय घेतला असता. इरा पाळण्यात स्वतःच्या पायाचा अंगठा धरायचा प्रयत्न करत होती. ती असण्याचं कारण आईचं खोटं होतं, आणि तिच्यासाठी औषध तयार नसण्याचं कारणही तेच.

"देऊन टाकू आपण," कौस्तुभ म्हणाला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. "निदान पाच-सहा वर्षं तर मिळतील. शाळेत जाईपर्यंत सुई नाही, पंप नाही."

"आणि मग खरं औषध येईल तेव्हा तिला चालणार नाही. कधीच."

"येईलच कशावरून?"

"माहीत नाही."

"मग चार वर्षं रोज तिला टोचायचं? तू टोचशील?"

"मी टोचीन."

तो खिडकीपाशी गेला, परत आला. "आईंनी आपल्याला एक शब्द तरी सांगायचा. मला नको, तुला."

भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता. गुलाबी गाल, दात दिसतील असं हसू. तेराव्याच्या आधी हाच निवडला, कारण यात ती सगळ्यांत छान दिसत होती. ऋजुता उठली, तिने आईच्या फोनमधले फोटो उघडले, मग जुने अल्बम काढले, लग्नाचा, बारशाचा, वाचनालयाच्या निरोपाचा. रात्री एक वाजता कौस्तुभने विचारलं, काय शोधतेस? तिने सांगितलं नाही. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात आईने बुधवारचा एकही फोटो काढू दिला नव्हता.

सोमवारी केंद्राने इंजेक्शनं थांबवली आणि कारण जाहीर केलं. दुपारपर्यंत दारातली जागा आईबापांनी भरून गेली. कुणाच्या बाळाला महिन्यापूर्वी दिलं होतं, कुणाला पुढच्या आठवड्याची तारीख होती. कुणी ओरडत नव्हतं. लोक तेच ते प्रश्न हळू आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि सिस्टर तेच तेच उत्तर देत होत्या. इराला कडेवर घेऊन ऋजुता रांगेत उभी होती. पुढची बाई वाशिमकडची होती, बाकावर बसून मांडीवरच्या मुलाला थोपटत होती. ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "त्या निळ्या साडीतल्या बाईला बघून आम्ही हो म्हटलं होतं."

"मीसुद्धा," ऋजुता म्हणाली.

बाईने तिच्याकडे वळून बघितलं. फोटोतला आणि समोरचा, दोन्ही चेहऱ्यांची हनुवटी सारखीच होती. तिच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. तिने सरकून ऋजुताला बाकावर जागा करून दिली.

इराचा आकडा खाली आला होता, थांबून चालणार नव्हतं. दोन दिवसांनी तिचं पहिलं रक्त ठरलं. केंद्राच्या मुलांच्या खोलीत भिंतींवर मासे रंगवले होते. तळहाताएवढी पिशवी वर टांगली होती. शीर सापडेना तेव्हा सिस्टर वंदना म्हणाल्या, "आजीसारख्याच बारीक शिरा आहेत हो," आणि लगेच जीभ चावली.

"एक मिनिट थांबा," ऋजुता म्हणाली. तिने फोन काढला.

"आत्ता कुठे फोटो काढता?" सिस्टर म्हणाल्या. "किती फिकी दिसतेय बघा. परवा या ना, शुक्रवारी. गुलाबी होईल नुसती."

"आजचाच हवा."

सिस्टर बाजूला झाल्या. इराचे ओठ पांढरे होते, कानांच्या पाळ्यांतून खिडकीचा उजेड आरपार येत होता. ती कॅमेऱ्याकडे न बघता वरच्या लाल पिशवीकडे बघत होती. ऋजुताने फोटो काढला, तपासला, ठेवला. मग त्याखाली तारीख लिहिली, वार लिहिला, बुधवार, आणि पुढे आकडा लिहिला. सहा पूर्णांक चार.

"हं, लावा आता," ती म्हणाली, आणि इराचा हात घट्ट धरला.